कंपनी मोडली, आईबाप उरले

नाशिकच्या आईबापांनी नाटकाची धास्ती घ्यावी, याला इतिहासाने एक सज्जड कारण देऊन ठेवलं आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री इथल्या विजयानंद थिएटरात किर्लोस्कर मंडळींचं ‘संगीत शारदा’ लागलं होतं. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झालेली, त्यांच्या निरोपाचा हा खेळ. तिथेच अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे असे तिघे फासावर गेले.

या प्रकरणाचं मूळ शोधत मागे गेलं तर हाती गाणीच लागतात. गणेशोत्सवातल्या मेळ्यांत पोरं एकसारखे पोशाख घालून, ताल धरून पदं म्हणत. १९०० च्या सुमारास सावरकर बंधूंनी नाशकात उभा केलेला मित्रमेळा बाहेरून असाच होता. त्याची पदं आणि पोवाडे रचायचे कवी गोविंद, म्हणजे पायांनी अधू असलेले आबा दरेकर. अशाच कविता छापल्याबद्दल १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, आणि सहा महिन्यांनी विजयानंदमध्ये पिस्तूल निघालं. आरंभ मेळ्यातल्या पदांचा आणि शेवट संगीत नाटकाच्या प्रयोगात. एवढं घडून गेलेल्या गावात मुलगा येऊन म्हणाला, ‘आई, मला नाटकात घेतलंय,’ तर आईने फक्त गणिताच्या मार्कांची काळजी करावी, ही प्रगतीच म्हणायची.

मीही ती काळजी केली आहे. घरात दोन मुलं, दोघांनाही रंगमंचाचं वेड. त्यामुळे तालमीच्या हॉलबाहेर चपलांच्या ढिगाऱ्याशेजारच्या बाकावर बसून राहणाऱ्या जमातीत माझीही गणना होते. तिथे बसून बसून एक प्रश्न डोक्यात घर करून राहिला. आज आम्ही आईबाप जे करतो, ते पूर्वी कोण करत होतं? बालगंधर्वांचा डबा कोण भरत होतं?

उत्तर सोपं आहे. कंपनी. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं गाणाऱ्या मुलाला घराबाहेरचं दुसरं घर मिळत गेलं. नाटक कंपनीत भटारखाना होता, तालीममास्तर होते, गवई होते, शिंपी होता, मुक्कामामुक्कामाला बिऱ्हाड होतं. गळा बरा असलेला मुलगा हेरला की कंपनी त्याला उचलायची. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहानपणी ‘स्वदेशहितचिंतक’मध्ये गेले, ‘शारदे’ची भूमिका करून नावारूपाला आले, आणि १९०८ साली, वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, हुबळीला स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढून मोकळे झाले. सौदागर गोरे नावाचा पोरगा दामुअण्णा जोशींच्या ‘बालमोहन’मध्ये वाढला आणि छोटा गंधर्व झाला. ‘बालमोहन’ तर मुलांचीच कंपनी, जणू पोरांनी चालवलेला फिरता संसार. पुढे तिथे आचार्य अत्र्यांची नाटकं आली आणि तीच मुलं मोठ्या माणसांची लफडी रंगवू लागली.

कंपनी मुलाला सांभाळायची ती तिच्या अटींवर. शाळा बहुधा सुटायची. गाव तर सुटायचंच. मुलगा नाटकात गेला म्हणजे कुळाला बट्टा, असं मानणारी घरं पुष्कळ होती. नाटकवाल्याला मुलगी द्यायला कुणी धजत नसे. मार्च १९११ मध्ये मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. ते तरीही भामिनी होऊन उभे राहिले. निष्ठा म्हणून ही गोष्ट आपल्याकडे वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितली जाते. मला ती ऐकताना दरवेळी त्या घरातल्या आईची आठवण येते. कौतुक करणाऱ्यांच्या गोष्टीत ती कुठेच नसते.

आईबाप आणि कंपनी ही दोन्ही एकाच छपराखाली आली, असं एक घर मात्र होतं. दीनानाथ मंगेशकरांच्या ‘बलवंत संगीत मंडळी’चा, म्हणजे १९१८ साली निघालेल्या कंपनीचा, मुक्काम एकदा आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडला पडला होता. लताबाईंनी ही आठवण स्वतः सांगितली आहे. ‘सौभद्र’ लागलेलं, दीनानाथ अर्जुन, आणि नारदाचं काम करणारा नट ऐनवेळी नाही. लहानगी लता म्हणाली, मी करते, मला सगळं पाठ आहे. एवढीशी पोर आपल्यासमोर उभी राहणार तरी कशी, याचीच बापाला चिंता. तिने पदं म्हटली आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. मनमाड स्टेशनवर पंचवटी एक्स्प्रेसची वाट पाहत उभी असले की मला हा नारद हमखास आठवतो. तिने कुणाला विचारून पाठ केलं नव्हतं. कंपनीत राहिलं की पाठ होऊनच जातं. आमच्या मुलांची पाठांतरं आम्हाला रिक्षात, जेवताना, कपडे घडी करता करता घ्यावी लागतात, आणि समोरच्या पात्राची वाक्यं आम्हीच म्हणायची असतात. परिणाम असा की आम्हा आयांनाही अख्खी नाटकं पाठ आहेत. ती ऐकायला कुणी येत नाही, एवढंच.

कंपन्या मोडल्या त्या बोलपटाने. १९३१ ला ‘आलम आरा’ आला, १९३२ ला मराठीत ‘अयोध्येचा राजा’, आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकांचं गणित कोलमडलं. या कथेतही नाशिक आहेच. पडद्यावरच्या हलत्या चित्रांचं वेड या देशाला ज्यांनी लावलं, ते दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली, आणि गेले नाशकात, १९४४ साली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही इथे हलवलं. या माणसाकडे मी चित्रपटाचा जनक म्हणून बघतच नाही. मला दिसतो तो मुलांना कामाला लावणारा बाप. ‘हरिश्चंद्रा’त रोहिदास मरतो, म्हणून ती भूमिका करायला कुणी आपलं पोर देईना, असं सांगतात. फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्राला उभं केलं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. तिचे ते खट्याळ डोळे आजही जुन्या फिल्मच्या तुकड्यांत बघायला मिळतात, आणि मुलाने कॅमेऱ्यासमोर कसं वावरावं याचा तो धडाच आहे.

आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई! नवरा खटपटी करत फिरे, त्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत, कपडे धूत, फिल्मला भोकं पाडत, अंधाऱ्या खोलीत रसायनं कालवत आणि मुलंही सांभाळत. विमा गहाण पडला, दागिने मोडले. नाटक कंपनीत जी कामं दहा पगारी माणसं करत, ती एका बाईने करून दाखवली. नाशिकच्या पालक मंडळींची मूळ देवता शोधायची झाली तर मी सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव घेईन. पूर्वी मूल कंपनीच्या स्वाधीन होत असे. फाळक्यांच्या घरात घरच कंपनी झालं, आणि पुढे सगळीकडे तोच रिवाज पडला.

गंमत अशी की कंपन्या मोडल्यावर संगीत नाटकाने जे दुसरं आयुष्य काढलं, त्याचं लेखन फार मोठ्या प्रमाणात नाशकात झालं. प्रा. वसंत कानेटकर एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत. १९६४ साली त्यांचं ‘मत्स्यगंधा’ आलं. तात्यासाहेब शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ आलं १९६६ साली. दोन्हींना जितेंद्र अभिषेकींचं संगीत, दोन्ही ‘गोवा हिंदू असोसिएशन’ची, दोन्हींत रामदास कामत. एकाच गावातले दोन लेखक दोन वर्षांच्या अंतराने मरगळलेल्या संगीत नाटकाला उठून बसवतात, हा योग वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच १९६६ मध्ये कानेटकरांनी ‘लेकुरे उदंड जाली’ हे गाण्यांचं हलकंफुलकं नाटक दिलं. त्याचं शीर्षक आमच्या तालमीच्या हॉलवर पाटी म्हणून लावावं, अशी सूचना मी एकदा केली होती. ती मान्य झाली नाही.

पण पाहा, ही नाटकं इथे लिहिली गेली आणि उभी राहिली मुंबईत. कसारा घाट उतरल्याशिवाय नाशिकचं नाटक मोठं होत नाही, ही समजूत तेव्हापासूनची. आजही कुणाच्या मुलीला मुंबईच्या निर्मात्याचा फोन आला की आमच्या बाकावर आधी आनंद होतो आणि पाठोपाठ हिशेब सुरू होतो. पहाटेची गाडी, सोबत कोण जाणार, परत येताना रात्र, दुसऱ्या दिवशी युनिट टेस्ट. शिरवाडकरांच्याच ‘नटसम्राट’मध्ये, १९७० सालच्या, बाप रंगभूमीवरचा राजा आहे आणि मुलांना तो घरात अडचण वाटतो. आमच्या पिढीत पारडं फिरलं आहे. मुलं रंगभूमीवरचे राजे-राण्या आणि विंगेत बॅगा घेऊन उभे असलेले आम्ही थोडे अडचणीचे. ‘आई, तू आत येऊ नकोस ना,’ हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकीने ऐकलेलं आहे.

मुलांचं नाटक हा स्वतंत्र विषय म्हणून मुंबईत उभा राहिला १९५९ मध्ये, सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरमुळे. रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ हे या लिटल थिएटरचं पहिलं नाटक. सुधाताईंच्या मागे बाप होताच. वडील तात्या आमोणकर मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यातले. मुलीने नाटकात जाऊ नये असं म्हणणाऱ्या काळात बापच तिकडचा निघाला की अर्धी लढाई जिंकलेली असते. पुढे ‘आविष्कार’च्या चंद्रशाळेने ‘दुर्गा झाली गौरी’ उभं केलं. नाच, गाणी आणि रंगमंचावर मुलांचा हा मोठा ताफा. मुलं मोठी होऊन बाहेर पडत आणि नवी मुलं तीच भूमिका करत, असं ते वर्षानुवर्षं चाललं. एवढ्या पोरांना वेळेवर आणून सोडणाऱ्या घरांचा विचार केला की छाती दडपते.

नाशकात हे सगळं आलं ते हौशी वाटेने. शाळांची गॅदरिंगं, उन्हाळी शिबिरं, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा. रंगमंच म्हणाल तर शालिमारजवळचं कालिदास कलामंदिर, आणि टिळक पथावरचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह. साईखेडकर हे १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचं. वर पुस्तकं, खाली नाटक, अशी सोय किती गावांत असेल? भावाची एंट्री दुसऱ्या अंकात असली की बहिणीला मासिकांशी नेऊन बसवता येतं. नाट्यगृहाच्या सोयींवर लेख लिहिणारे ही सोय कधीच मोजत नाहीत.

आता हौशी संगीत बालनाट्याचा खर्च बघा. पैशाचं सोडून देऊ, माणसांचा बघू. मोठ्यांच्या नाटकात पेटी आणि तबला साथीला बसवता येतो. मुलांच्या नाटकात साथीदार मुलांच्या तालमींना रोज येणार कसा? म्हणून ट्रॅक करायचा. ट्रॅक आला की पट्टी पक्की झाली, लय पक्की झाली, आणि पोराने एक ओळ गाळली तर ट्रॅक थांबत नाही. पेटीवाला असता तर त्याने सावरून घेतलं असतं. जुन्या कंपनीतल्या मुलाला वन्समोअर मिळाला की तो पुन्हा गायचा, जरा वेगळं गायचा. ट्रॅकवर गाणाऱ्या मुलाला वन्समोअर मिळतच नाही, कारण ध्वनी सांभाळणारा पुढच्या प्रसंगाचं बटण दाबून बसलेला असतो. तंत्राने आमची सोय केली हे कबूल. पण संगीत नाटकाचा जीव ज्या देवाणघेवाणीत होता, ती मुलांना शिकवायची राहून जाते. निदान रंगीत तालमीपर्यंत तरी जिवंत पेटी असावी, असा आग्रह पालकांनी धरायला हवा. आम्ही मात्र आग्रह धरतो तो पोशाखाच्या कापडाबद्दल.

गाण्याच्या क्लासच्या बाईंचं आणखी वेगळं असतं. त्यांच्या मते नाटकात ओरडून ओरडून गळा बसतो, आणि मध्यमेची परीक्षा तोंडावर आलेली असताना हे उद्योग कशाला? हा वाद जुना आहे आणि त्याचाही एक धागा नाशकात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात इथे रामनाम आधार आश्रम काढला. संगीताला प्रतिष्ठा मिळावी म्हणून झिजलेला हा माणूस, आणि त्याचेच शिष्य विनायकबुवा पटवर्धन १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत गेले. दहा वर्षं त्यांनी नाटकं केली आणि १९३२ ला पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढून पुन्हा शिकवायला बसले. पलुस्करांचा जगलेला एकच मुलगा, दत्तात्रेय. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्याला पुढे घडवलं ते याच नाटकातून परतलेल्या विनायकबुवांनी. डी. व्ही. पलुस्करांचा स्वच्छ गळा ऐकला की नाटकाने आवाज बिघडतो हे म्हणणं जरा आवरतं घ्यावंसं वाटतं.

आवाजाची खरी परीक्षा वेगळीच असते, आणि ती निसर्ग घेतो. बारा-चौदाच्या वयात मुलाचा आवाज फुटतो. कंठ वाढतो, स्वरतंतू लांबतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच. कालपर्यंत काळी चारमध्ये लीलया गाणारा पोरगा एका सुट्टीत पांढरी एकशी झुंजायला लागतो, आणि वरचा षड्ज लावायला गेला की दोन आवाज एकदम निघतात. कंपनीत स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलांच्या डोक्यावर ही टांगती तलवार असायची. आवाज फुटला की नायिकेचं काम गेलं, आणि पुढे गळा बसेल तसा बसेल. आपल्याकडे त्या मुलाला बालनाट्याच्या वयातून काढतात आणि मोठ्यांच्या नाटकात अजून घेत नाहीत. ही दोन-तीन वर्षं आईबापांना सर्वांत जड जातात. रोज तालमीला जाणारा मुलगा संध्याकाळी घरात असतो आणि कुणाशी बोलत नाही. जाणकार गुरू अशा वेळी गाणं बंद करत नाहीत. मंद्रात, हलक्या आवाजात, सोसेल तेवढंच गाऊन घेतात. काही दिग्दर्शक त्याला प्रकाशयोजनेच्या टेबलाशी बसवतात. त्यातून पुढे उत्तम तंत्रज्ञ तयार होतात, आणि आईला संध्याकाळचा डबा पुन्हा करावा लागतो.

पैसे मिळणारं काम आलं की कायदा येतो. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी नियम आले. मूल कलावंत म्हणून काम करू शकतं, पण दिवसाला पाच तासांहून जास्त नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, ओळीने सत्तावीस दिवसांहून अधिक नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दर पाच मुलांमागे त्यांच्याकडे लक्ष ठेवणारं एक जबाबदार माणूस हवं. आणि मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. ही शेवटची अट मला फार आवडते. आईबाप आपणहून ठेवतील, असं सरकारने गृहीत धरलेलं नाही. ‘शारदा’ नाटकातला कांचनभट पोरीच्या लग्नावर पैसा करायला निघतो. १८९९ मध्ये देवलांनी तो रंगवला तेव्हाच मराठी प्रेक्षकाला ठाऊक होतं की बाप नेहमी बापासारखा वागेलच असं नाही. टीव्हीवर २००८-०९ चं ‘लिटिल चॅम्प्स’ चाललं तेव्हा घराघरांत मुलांनी नाट्यगीतं धरली, हे चांगलंच झालं. पण त्याच सुमारास चेहऱ्यावर ‘आमची कधी दिसणार’ असा प्रश्न लिहिलेले पालकही क्लासेसबाहेर वाढले. त्यांच्यात आणि माझ्यात फार अंतर आहे, असा दावा करण्याचं धाडस माझ्यात नाही.

शहराबाहेर, पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या पाड्यांवर, यातलं काहीच नसतं. होळीनंतर तिथे बोहाडा रंगतो. संबळाच्या तालावर, रात्रभर, मुखवटे घातलेली देवदानवांची सोंगं नाचत येतात. आधी गणपती-शारदा, पहाटेला देवी आणि महिषासुर. काही गावांत सोंगाचा मान घराण्याकडे चालत आलेला असतो. आजा नाचला, बाप नाचला, आता पोरगा. ऑडिशन नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही. जड मुखवटा बापच डोक्यावर बांधतो आणि बापच शेजारून दिवटी धरून चालतो. शहरातल्या आमच्या बाकावरून बघताना हे फार साजिरं दिसतं. पण तिथे पोराला दुसरं सोंग हवं असलं तर ते मिळत नाही, हेही खरं.

अलीकडे घाट न उतरता नाशिकचं संगीत नाटक मोठं झाल्याचं उदाहरण घडलं, असं म्हणायला जीभ वळते. प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आधी एकांकिका होतं. २०१७ च्या डिसेंबरात ‘भद्रकाली’ने ते दोन अंकी नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. लेखक-दिग्दर्शक नाशिकचे, संगीतकार आनंद ओक नाशिकचे. रंगमंचावर दोनच बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई, आणि दोघीही तिथल्या तिथे गाणाऱ्या. २०२० चा साहित्य अकादमी युवा पुरस्कारही त्याला मिळाला. पण निर्माता मुंबईचाच, म्हणजे घाट उतरावा लागलाच. आमच्या हॉलमधल्या मुलींवर मात्र त्याचा परिणाम लगेच दिसला. गाणारी नटी म्हणजे शालू नेसलेली भामिनी एवढंच त्यांना ठाऊक होतं. पायात काटा रुतलेली, चिडचिडी, गरोदर, नवऱ्याच्या देवावर उखडलेली बाईही गाऊ शकते, हे त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तालमीत अर्ध्याजणी लंगडत होत्या.

बालनाट्याच्या पत्रकावर लेखक, दिग्दर्शक, संगीत, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, वेशभूषा अशी नावं येतात आणि अगदी तळाला ‘विशेष आभार : सर्व पालक’. वेशभूषेतलं अर्धं आम्ही शिवलेलं असतं, नेपथ्यातली खुर्ची आमच्या घरची असते, वाहतूक आमची, अल्पोपहार आमचा आणि हॉलचं भाडं वर्गणीतून आमचंच. ही सगळी कामं मिळून जे होतं त्याला किर्लोस्करांच्या काळापासून मराठीत ‘मंडळी’ म्हणत आले आहेत. पुढच्या प्रयोगाच्या पत्रकात ‘निर्मिती’समोर पालकांची नावं घालावीत, असा प्रस्ताव मी संस्थेकडे दिला आहे. चिटणिसांनी जागा कमी असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, जाहिरात आम्हीच मिळवून देतो, पान वाढवा.